चिराग शेट्टी

चिराग शेट्टी (जन्म : ४ जुलै १९९७, मुंबई) हा भारतीय बॅडमिंटनपटू असून तो पुरुष दुहेरी या प्रकारात खेळतो. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्याबरोबरची त्याची जोडी १० ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. बॅडमिंटनच्या दुहेरीत हे स्थान मिळवणारी ती पहिली भारतीय जोडी होय. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत (२०२३) या जोडीने मिळवलेले सुवर्णपदक हे त्या स्पर्धांच्या इतिहासात भारताला बॅडमिंटनमध्ये मिळालेले पहिले सुवर्ण आहे. २०२२ साली थॉमस करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघाचाही चिराग सदस्य होता. त्याला २०२० सालचा अर्जुन पुरस्कार आणि २०२३ सालचा मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार प्रदान करण्यात आला आहे.

दुहेरीतील खेळाडूची कारकीर्द एकट्याची म्हणून सांगताच येत नाही. विजय, पराभव, क्रमवारीतील स्थान, बक्षिसाची रक्कम, इतकेच काय दुखापतसुद्धा दोघांत वाटून घ्यावी लागते. म्हणून या लेखात चिरागबरोबर सात्त्विकचा उल्लेख पदोपदी येतो.

बालपण व प्रारंभीचे प्रशिक्षण

चिरागचे कुटुंब तुळुभाषक असून त्याचे बालपण मुंबईच्या मालाड उपनगरात गेले. खेळाचे प्रारंभीचे धडे त्याने मुंबईतच उदय पवार यांच्या अकादमीत गिरवले. पुढे तो हैदराबादच्या पुल्लेला गोपीचंद अकादमीत दाखल झाला. भारतातील बहुतेक अव्वल बॅडमिंटनपटूंना आयुष्यात केव्हा ना केव्हा हैदराबादची वाट धरावी लागली आहे आणि चिरागही त्याला अपवाद ठरला नाही. मुंबईसारखे महानगर सोडून मुलाने खेळासाठी दुसऱ्या राज्यात मुक्काम हलवावा, यावरून उच्च दर्जाचे प्रशिक्षण आणि सरावासाठी तोलामोलाचे सोबती एका ठिकाणी मिळणे किती दुर्मीळ आहे हे ध्यानात येते. विशेषतः दुहेरीच्या सरावाला एकाच वेळी चार सारख्या ताकदीचे खेळाडू लागतात. ते ज्या गावात नसतील तेथे उत्तम मार्गदर्शक असूनही दुहेरीचा खेळाडू घडणे अवघड असते.

महाराष्ट्र आणि दुहेरीची परंपरा

बॅडमिंटनच्या खेळाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत असत आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. इंग्लंडमधील ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या निवासस्थानावरून आजचे नाव रूढ झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात सांगलीचे नंदू नाटेकर (१९३३–२०२१) यांनी १९५६ साली मलेशियातील सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. नाटेकरांनी एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकावली होती. त्या काळी चांगला खेळाडू तिन्ही प्रकार खेळत असे, दुहेरीचा ‘विशेषज्ञ’ ही कल्पनाच रुजलेली नव्हती. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लिरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर या प्रकारात भारताला आशियाई स्पर्धेचे पुढचे पदक मिळण्यास तब्बल ४१ वर्षे लागली आणि ते चिराग-सात्त्विक जोडीने मिळवले.

महिला दुहेरीत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक जिंकून दाखवले होते. पुढील दशकात महाराष्ट्राच्या अक्षय देवलकर, प्रज्ञा गद्रे यांनी दुहेरीत भारताचे प्रतिनिधित्व केले. तरीही सर्वसाधारण समजूत अशीच होती की, ज्याला एकेरीत जमत नाही तो दुहेरीकडे वळतो. मार्गदर्शक, प्रायोजक आणि वृत्तपत्रे या तिघांचेही लक्ष एकेरीकडेच असे. सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू, किदंबी श्रीकांत यांच्या यशाने हा कल आणखी दृढ झाला होता. चिराग शेट्टीच्या कारकिर्दीचे मोल समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

दुहेरीचा खेळ

एकेरीचे सामने पाहणाऱ्याला दुहेरी नुसती घाईगर्दी वाटते, परंतु त्यामागे काटेकोर रचना असते. मैदानाची लांबी दोन्ही प्रकारांत १३.४० मीटर असते. रुंदी मात्र एकेरीत ५.१८ मीटर, तर दुहेरीत ६.१० मीटर असते. सर्व्हिस पडण्याच्या चौकटीची मागची रेषा दुहेरीत ०.७६ मीटरने आत घेतलेली असते. म्हणजेच दुहेरीत सर्व्हिसची चौकट रुंद पण आखूड असते. याचा परिणाम मोठा आहे. सर्व्हिस उंच व खोल मारण्यास फारशी जागा उरत नाही. शिवाय शटल रॅकेटला लागण्याच्या क्षणी जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असले पाहिजे, असा नियम २०१८ पासून लागू आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारा खेळाडू शटल जाळीला जवळजवळ घासून पलीकडे टाकतो आणि समोरचा प्रतिस्पर्धी ते जाळीपाशीच टिपण्यासाठी पुढे झेपावतो. कित्येक गुणांचा निकाल पहिल्या तीन-चार फटक्यांतच लागतो.

सर्व्हिस करणाऱ्या जोडीचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजव्या चौकटीतून होते आणि विषम असतील तर डाव्या. सर्व्हिस करणाऱ्या जोडीने गुण जिंकला की तोच खेळाडू बाजू बदलून पुन्हा सर्व्हिस करतो. समोरच्या जोडीने गुण जिंकला तर सर्व्हिस तिच्याकडे जाते, पण तिचे खेळाडू जागा बदलत नाहीत. शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभे राहणाऱ्या शिक्षकांचाही या नियमात हमखास गोंधळ उडतो. ‘गुण सम तर उजवीकडे, विषम तर डावीकडे’ एवढे सूत्र पक्के केले की बाकीचे आपोआप सुटते.

चढाई करताना जोडीतील एक जण पुढे जाळीपाशी व दुसरा मागे उभा राहतो. बचाव करताना दोघेही शेजारी-शेजारी येतात आणि अर्धे अर्धे मैदान सांभाळतात. शटल उंच उचलून दिले की चढाईचा हक्क प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून शटल शक्यतो खालच्या दिशेने किंवा सपाट ठेवण्याची दोन्ही जोड्यांची धडपड असते. मागचा खेळाडू स्मॅश मारतो, परंतु गुण बहुधा पुढचाच मिळवतो. परतून आलेले अर्धवट शटल हेरून त्यावर झडप घालणे हे त्याचे काम असते. हे काम डोळ्यांचे आणि मनगटाचे आहे. जोडीदार मागे काय करील याचा अंदाज त्याला पाठीमागे न पाहता बांधावा लागतो.

अव्वल दर्जाचा खेळ बंदिस्त सभागृहात आणि बदकाच्या किंवा हंसाच्या १६ पिसांच्या शटलने खेळला जातो. या शटलचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम एवढेच असते. धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या गावी शाळेच्या पटांगणात, बालाघाटच्या माथ्यावरील वाऱ्यात, प्लॅस्टिकच्या शटलने खेळणाऱ्या मुलांचा खेळ आणि हा खेळ नियमाने एकच असला, तरी अनुभवाने फार निराळा असतो.

सात्त्विकसाईराजबरोबरची जोडी

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा जन्म १३ ऑगस्ट २००० रोजी आंध्र प्रदेशातील अमलापुरम येथे झाला. तो चिरागहून तीन वर्षांनी लहान आहे. या दोघांना एकत्र आणण्याचे श्रेय मलेशियाचे मार्गदर्शक टॅन किम हेर यांच्याकडे जाते. भारतीय संघाच्या दुहेरीची जबाबदारी त्यांच्याकडे असताना त्यांनी दोघांच्या आधीच्या जोड्या मोडून ही नवी जोडी बांधली. हा निर्णय त्या वेळी सर्वांना पटण्याजोगा नव्हता. दोघेही उंच, दोघेही मागच्या अर्ध्या मैदानातून जोरकस फटके मारणारे. मग जाळीपाशी उभे कोण राहणार?

या प्रश्नाचे उत्तर पुढील काही वर्षांत हळूहळू मिळत गेले. चिरागने जाळीपाशी खेळण्याचे तंत्र अंगी बाणवले. मागून मारण्याची ताकद मुळातच असल्याने त्याला प्रसंगी मागे जाऊनही चढाई चालू ठेवता येई. अशा रीतीने जी बाब उणीव वाटत होती तीच या जोडीचे बलस्थान ठरली. प्रतिस्पर्ध्याने दोघांपैकी कोणालाही मागे ढकलले तरी स्मॅश येणारच, अशी त्यांची दहशत निर्माण झाली. सात्त्विकच्या स्मॅशचा वेग तर विक्रमी आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे घेतलेल्या चाचणीत त्याच्या फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. त्यापूर्वीचा, मलेशियाच्या टॅन बून हिओंग याचा, ताशी ४९३ किलोमीटरचा विक्रम दहा वर्षे अबाधित होता. असा फटका मारणारा जोडीदार मागे असताना पुढे उभे राहणे सोपे, असे कोणास वाटेल. वस्तुतः असा फटका जितक्या वेगाने जातो तितक्याच अल्पावधीत तो परतून येतो आणि पुढच्या खेळाडूस विचार करायला क्षणाचीही उसंत मिळत नाही.

२०१६ पासून या जोडीने छोट्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकण्यास सुरुवात केली. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मिश्र संघात दोघेही होते. त्याच स्पर्धेच्या पुरुष दुहेरीत त्यांना इंग्लंडच्या मार्कस एलिस व ख्रिस लँग्रिज यांच्याकडून अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली व रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी हैदराबाद खुली स्पर्धा जिंकली.

बँकॉक, ऑगस्ट २०१९

जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१८ पासून आपल्या स्पर्धांची सुपर १०००, ७५०, ५००, ३०० व १०० अशी प्रतवारी केली आहे. ४ ऑगस्ट २०१९ रोजी चिराग व सात्त्विक यांनी सुपर ५०० दर्जाची थायलंड खुली स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी तत्कालीन विश्वविजेते ली जुनहुई व लिउ युचेन या चिनी जोडीला २१–१९, १८–२१, २१–१८ असे नमवले. त्या दर्जाची स्पर्धा जिंकणारी ही पहिलीच भारतीय दुहेरी जोडी. स्पर्धेपूर्वी फारसे कोणी या जोडीकडे पाहत नव्हते. त्यानंतर मात्र प्रत्येक स्पर्धेत प्रतिस्पर्धी त्यांच्या खेळाची चित्रफीत अभ्यासून उतरू लागले. त्याच वर्षीच्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत (सुपर ७५०) त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेथे इंडोनेशियाच्या मार्कुस गिडियन व केविन सुकामुल्जो या तेव्हाच्या अव्वल जोडीने त्यांना पराभूत केले.

टोकियोतील हुकलेली उपांत्यपूर्व फेरी

करोनाच्या साथीमुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमधील या जोडीची कथा आकड्यांचा खेळ किती निष्ठुर असतो याचे उदाहरण म्हणून सांगता येईल. साखळीत चार जोड्यांचा एक गट होता व त्यातील पहिल्या दोन जोड्या पुढे जाणार होत्या. पहिल्या सामन्यात भारतीय जोडीने तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांना २१–१६, १६–२१, २७–२५ असे हरवले. दुसऱ्या सामन्यात गिडियन–सुकामुल्जो यांच्याकडून ती १३–२१, १२–२१ अशी हरली. तिसऱ्या सामन्यात ब्रिटनच्या बेन लेन व शॉन व्हेंडी यांच्यावर तिने २१–१७, २१–१९ अशी मात केली. तीनपैकी दोन सामने जिंकूनही ही जोडी बाद झाली! तैवान व इंडोनेशियाच्या जोड्यांनीही दोन-दोनच सामने जिंकले होते. त्यामुळे जिंकलेल्या व गमावलेल्या गेममधील फरक पाहिला गेला. भारताच्या खात्यात चार गेम जिंकलेले व तीन गमावलेले होते आणि तेवढे पुरेसे ठरले नाहीत.

पुढे ली यांग–वांग ची-लिन यांनी त्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. सबंध स्पर्धेत त्यांना हरवणारी एकमेव जोडी भारतीय होती. जो सामना जिंकला त्यातील मधला गेम हातचा गेला आणि जो हरला त्यात एकही गेम मिळाला नाही, या दोन गोष्टींचा जमाखर्च शेवटी निर्णायक ठरला. त्या काळात डेन्मार्कचे मथियास बो हे या जोडीचे मार्गदर्शक होते. बो स्वतः २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील पुरुष दुहेरीचे रौप्यपदक विजेते आहेत.

थॉमस करंडक, २०२२

थॉमस करंडक ही पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा आहे. तीत प्रत्येक लढतीत तीन एकेरी व दोन दुहेरी असे पाच सामने असतात. ज्या देशाकडे भक्कम दुहेरी नाही त्याला पाचपैकी तीन सामने जिंकण्यासाठी तिन्ही एकेरी जिंकाव्याच लागतात. भारताची वर्षानुवर्षे हीच अडचण होती. एकेरीचे उत्तम खेळाडू असूनही भारत २०२२ पूर्वी कधीही या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला नव्हता.

मे २०२२ मध्ये बँकॉक येथे भारताने उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाला व उपांत्य फेरीत डेन्मार्कला प्रत्येकी ३–२ असे हरवले. दोन्ही लढतींत चिराग व सात्त्विक यांनी आपला सामना जिंकला होता. तो गुण नसता तर पाचव्या सामन्यात एच. एस. प्रणॉयला निर्णायक विजय मिळवण्याची संधीच आली नसती. १५ मे रोजी अंतिम फेरीत गाठ पडली ती स्पर्धेच्या इतिहासातील सर्वाधिक यशस्वी संघाशी, इंडोनेशियाशी. लक्ष्य सेनने अँथनी गिंटिंगला हरवून भारताला आघाडी मिळवून दिली. दुसरा सामना दुहेरीचा होता. मोहम्मद अहसान व केविन सुकामुल्जो यांनी पहिला गेम २१–१८ असा घेतला आणि दुसऱ्या गेममध्ये त्यांना चार मॅच पॉइंट मिळाले. ते चारही भारतीय जोडीने परतवून लावले, दुसरा गेम २३–२१ व तिसरा २१–१९ असा जिंकला. त्यानंतर किदंबी श्रीकांतने जोनाथन क्रिस्तीला हरवताच भारत ३–० ने विजेता ठरला. इंडोनेशिया, चीन, मलेशिया, जपान आणि डेन्मार्क यांच्यानंतर हा करंडक जिंकणारा भारत हा केवळ सहावा देश आहे.

एकेरीतील विजयांचे कौतुक त्या वेळी अधिक झाले, ते स्वाभाविकही होते. परंतु अहसान–सुकामुल्जो यांच्या हातून निसटलेले ते चार गुण हा त्या लढतीचा खरा कलाटणीचा क्षण होता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

विजयांची दोन वर्षे

२०२२ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या इंडिया ओपनमध्ये या जोडीने तीन वेळा विश्वविजेते ठरलेल्या अहसान–सेतियावान जोडीला २१–१६, २६–२४ असे हरवून सुरुवात केली होती. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी लेन–व्हेंडी जोडीला २१–१५, २१–१३ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्याच महिन्यात टोकियोतील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी गतविजेते ताकुरो होकी व युगो कोबायाशी यांना त्यांच्याच देशात पराभूत केले आणि कांस्यपदक निश्चित केले. जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरीचे भारताचे हे पहिले पदक. उपांत्य फेरीत मलेशियाच्या आरोन चिया व सोह वुई यिक यांच्याविरुद्ध पहिला गेम जिंकूनही त्यांना सामना गमवावा लागला. वर्षाअखेरीस त्यांनी फ्रेंच खुली स्पर्धा जिंकली.

चिया–सोह ही जोडी या भारतीय जोडीला जणू सुटत नसलेले कोडे झाली होती. जून २०२३ पर्यंत दोन्ही जोड्यांमध्ये आठ सामने झाले होते आणि आठही मलेशियाने जिंकले होते. १८ जून २०२३ रोजी जाकार्तातील इंडोनेशिया खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते पुन्हा समोरासमोर आले. या वेळी भारतीय जोडी २१–१७, २१–१८ अशी सरळ जिंकली. सुपर १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय दुहेरी जोडी ठरली.

त्यापूर्वी मार्चमध्ये त्यांनी स्विस खुली स्पर्धा जिंकली होती. ३० एप्रिल रोजी दुबईत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत मलेशियाच्या ओंग यू सिन व तेओ ई यी यांच्यावर त्यांनी १६–२१, २१–१७, २१–१९ असा विजय मिळवला. या स्पर्धेचे सुवर्णपदक १९६५ साली दिनेश खन्ना यांनी एकेरीत मिळवले होते. त्यानंतर ५८ वर्षांनी ते पुन्हा भारतात आले. जुलैमध्ये कोरिया खुली स्पर्धाही याच जोडीने जिंकली.

सप्टेंबर–ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. सांघिक अंतिम फेरीत चिराग–सात्त्विक यांनी लिआंग वेइकेंग व वांग चांग यांना हरवून भारताला २–० अशी आघाडी मिळवून दिली. पण प्रणॉय दुखापतग्रस्त होता आणि चीनने पुढचे तिन्ही सामने जिंकले, त्यामुळे भारताला रौप्यपदक मिळाले. वैयक्तिक दुहेरीत मात्र कसर राहिली नाही. उपांत्य फेरीत चिया–सोह यांना आणि ७ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू व किम वोन-हो यांना २१–१८, २१–१६ असे हरवून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. तीनच दिवसांनी जाहीर झालेल्या क्रमवारीत ते जगात पहिले होते.

पॅरिस

मार्च २०२४ मध्ये फ्रेंच खुली स्पर्धा पॅरिसच्या पोर्त द ला शापेल येथील सभागृहात भरली. ऑलिंपिकचे बॅडमिंटन याच ठिकाणी व्हायचे होते. चिराग व सात्त्विक यांनी ही स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली. मे महिन्यात थायलंड खुली स्पर्धाही त्यांनी जिंकली. ऑलिंपिकसाठी या जोडीकडून सुवर्णपदकाची अपेक्षा केली जात होती आणि तशी अपेक्षा करणे अवाजवीही नव्हते.

गटात त्यांनी फ्रान्सच्या जोडीला व त्यानंतर इंडोनेशियाच्या फजार अल्फियान व मुहम्मद रियान आर्दियांतो यांना हरवले. जर्मनीच्या जोडीने दुखापतीमुळे माघार घेतली होती. १ ऑगस्टच्या उपांत्यपूर्व सामन्यात समोर पुन्हा चिया व सोह होते. पहिला गेम भारतीयांनी २१–१३ असा सहज घेतला. नंतरचे दोन मात्र १४–२१, १६–२१ असे गेले आणि स्पर्धा संपली. त्यानंतर लवकरच मथियास बो यांनी मार्गदर्शनातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले.

पुढचे काही महिने सात्त्विकच्या खांद्याच्या दुखापतीमुळे जोडी स्पर्धांपासून दूर राहिली. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिरागची पाठ दुखावल्याने त्यांना सामना अर्धवट सोडावा लागला. दरम्यान टॅन किम हेर पुन्हा भारतीय दुहेरीचे मार्गदर्शक म्हणून परतले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिसमध्ये, त्याच सभागृहात भरली आणि उपांत्यपूर्व फेरीत योगायोगाने तीच मलेशियन जोडी पुढे आली. या वेळी भारतीय जोडीने २१–१२, २१–१९ असा विजय मिळवून आपले दुसरे जागतिक कांस्यपदक निश्चित केले. उपांत्य सामन्यात चीनच्या चेन बोयांग व लिउ यी यांनी त्यांना तीन गेममध्ये हरवले. सप्टेंबरमध्ये हाँगकाँग खुली व चायना मास्टर्स या लागोपाठच्या दोन स्पर्धांत ते उपविजेते ठरले.

व्यवसाय म्हणून दुहेरी

महासंघाच्या नियमांनुसार एखाद्या स्पर्धेच्या एकूण रकमेपैकी एकेरीच्या विजेत्यास ७ टक्के आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीस ७.४ टक्के रक्कम मिळते. ही दुसरी रक्कम दोघांत वाटली जाते. २०२३ च्या इंडोनेशिया खुल्या स्पर्धेचे एकूण बक्षीस १२,५०,००० अमेरिकी डॉलर होते. म्हणजे एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर, तर चिराग व सात्त्विक यांना मिळून ९२,५०० डॉलर, प्रत्येकी ४६,२५० डॉलर. प्रवास, मुक्काम, उपचार व सराव यांचा खर्च मात्र एकेरीच्या खेळाडूइतकाच असतो. त्यामुळे दुहेरीत राहण्याचा निर्णय हा आर्थिकदृष्ट्याही विचारपूर्वक घ्यावा लागतो.

दुसरी अडचण क्रमवारीची. गेल्या ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरून क्रमवारी ठरते आणि हे गुण जोडीच्या नावावर जमा होतात. जोडीदार बदलला की नव्या जोडीला क्रमवारी नव्याने चढावी लागते. एकाच्या खांद्याची दुखापत दुसऱ्याचेही वर्ष वाया घालवू शकते. दहा वर्षे एकाच जोडीदाराबरोबर खेळणारे खेळाडू म्हणूनच थोडे आढळतात.

सन्मान व त्यासंबंधीचा वाद

२०२० सालच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत चिराग व सात्त्विक या दोघांची नावे होती. करोनामुळे तो सोहळा दूरदृश्य प्रणालीद्वारे पार पडला. त्याच यादीत धाराशिव जिल्ह्यातील खो-खोपटू सारिका काळे आणि बीड जिल्ह्यातील मल्ल राहुल आवारे यांचाही समावेश होता. ९ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात खेलरत्न पुरस्कार प्रदान करण्यात आले, तेव्हा चिराग व सात्त्विक मलेशियात स्पर्धा खेळत होते. त्यामुळे हा पुरस्कार त्यांना पुढे २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांच्या हस्ते देण्यात आला.

जुलै २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकल्यावर महाराष्ट्र विधानभवनात मुंबईच्या चार क्रिकेटपटूंचा सत्कार झाला आणि संघासाठी ११ कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर करण्यात आले. त्यानंतर चिरागने जाहीरपणे खंत व्यक्त केली. थॉमस करंडक हा विश्वचषकाच्याच तोडीचा असून तो जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा आपण एकटाच खेळाडू होतो, तरीही राज्य शासनाने त्याची दखल घेतली नाही, असे त्याचे म्हणणे होते. क्रिकेटपटूंच्या सत्काराला आपला विरोध नाही, हेही त्याने स्पष्ट केले. या वक्तव्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. त्यास निव्वळ पैशाची मागणी समजणे योग्य होणार नाही. संघात एकेरीचे खेळाडू इतर राज्यांचे आणि आपला खेळाडू दुहेरीचा, तोही जोडीतील एक. अशा खेळाडूचे श्रेय कोणत्या राज्याने कसे मोजायचे, हा प्रश्न त्यातून पहिल्यांदाच ठळकपणे पुढे आला.